अन्यायानं नोकरी गेली तर: पहिल्या काही महिन्यांसाठी मार्गदर्शक

कामावरून काढलं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी किंवा चुकीच्या पद्धतीनं, असं ज्यांना मनापासून वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवी नोकरी कशी शोधावी यावर चिकार लिहिलेलं सापडतं. मधल्या काळात डोकं ताळ्यावर कसं ठेवायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मी यातून गेलोय. व्हिडिओ कॉलवर एचआरच्या बाई लिहून ठेवलेला मजकूर वाचत होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरूनच कळत होतं. माझे साहेब कॉलवर होते, पण कॅमेरा बंद ठेवून. कॉल संपतो न संपतो तोच लॅपटॉप लॉक झाला. पगार बंद होणार ही काळजी रात्री सुरू झाली. त्याआधी दिवसभर डोक्यात घोळत राहिला तो बंद कॅमेरा.

म्हणून सुरुवातीलाच एक सांगतो, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्यावर दोन गोष्टी एकदम कोसळल्या आहेत. नोकरी गेली ही एक, आणि तुमच्याशी वाईट वागले ही दुसरी. पहिलीला उपाय आहे: दुसरी नोकरी. दुसरीवर तो चालत नाही. चांगली नोकरी लागूनही वर्षानुवर्षं जुन्या कंपनीच्या नावानं बोटं मोडणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. दोन्ही दुखणी वेगळी ओळखा आणि वेगळी हाताळा.

आधी हे जमा करून ठेवा

- नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, वार्षिक मूल्यांकनाचे कागद
- कामावरून काढल्याचं पत्र किंवा ईमेल. काहीच लेखी दिलं नसेल तर लेखी मागणारा तुमचा ईमेल
- पगाराच्या स्लिपा, शिल्लक रजेचा हिशेब, नोटीस पिरियडचं कलम
- अनुभवपत्र आणि शेवटच्या हिशेबाची तारीख
- दोन वह्या (कशासाठी ते चौथ्या पायरीत)
- दोन माणसांची नावं: एक ऐकून घेणारं आणि एक व्यवहाराचं कळणारं. ही दोन्ही कामं बहुधा एकाच माणसाला जमत नाहीत.

एक खबरदारी: कागद गोळा करताना कंपनीच्या गोपनीय फायली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. स्वतःच्या नोकरीचे कागद वेगळे आणि ग्राहकांची यादी वेगळी. रागाच्या भरात ही रेघ ओलांडली, तर उद्या अन्याय झालेले तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच.

१. त्या दिवशी सही करू नका, उत्तरही देऊ नका

समोर कागद येतो, आवाज गोड असतो आणि घाई असते. "ही फक्त औपचारिकता आहे" असं सांगतात. औपचारिकता असेल तर दोन दिवसांनीही होईल. एवढंच म्हणा: "मला हे वाचायला वेळ हवा आहे. कृपया मुदत लेखी कळवा." ऑफिसात समोरासमोर असाल तरीही हेच.

विशेष सांभाळायचं ते राजीनाम्याबाबत. "तुम्हीच राजीनामा द्या, पुढे बरं पडेल" असं सुचवलं जातं. कधीकधी ते खरंही असतं. पण राजीनामा दिला की काढून टाकल्याची भरपाई, बेरोजगारी भत्ता किंवा दाद मागण्याचा हक्क यांपैकी काही हातचं जाऊ शकतं. कुठे काय लागू होतं ते जाणकाराला विचारा, मग ठरवा.

त्या रात्री कुणालाही लांबलचक ईमेल लिहू नका. लिहायचाच असेल तर 'प्रति'ची जागा रिकामी ठेवून लिहा.

२. घरी त्याच दिवशी सांगा

रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडायचं आणि संध्याकाळी परत यायचं, घरात कुणाला पत्ता नाही, असं करणारे लोक असतात. लाजेपोटी करतात, समजू शकतो. पण मग नोकरी गेल्याच्या ताणावर खोटं सांभाळण्याचा ताण चढतो, आणि पुढे कळतं तेव्हा घरच्यांना नोकरीपेक्षा लपवाछपवीचंच जास्त लागतं.

सांगताना तीन गोष्टी पुरतात: काय झालं, किती महिने निभावेल, आणि आत्ता तुम्हाला काय हवंय. "मला आज सल्ला नको, नुसतं ऐक" हे स्पष्ट म्हणा. नाहीतर जवळची माणसं घाबरून लगेच उपाय सुचवायला लागतात आणि तासाभरात भांडण होतं. मुलांना वयाप्रमाणे, पण खरं सांगा. घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांना तसंही कळतं. कारण माहीत नसलं की ती स्वतःलाच दोष देतात.

३. दोन दुखण्यांची दोन नावं

१९६७ मध्ये होम्स आणि राही या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ताण देणाऱ्या ४३ घटनांची एक क्रमवारी केली. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, नोकरीवरून काढलं जाणं ४७ गुण, आठव्या क्रमांकावर. त्यामुळे "एवढं काय झालं, नोकरीच तर गेली" असं कुणी म्हणालं, तर ते खुशाल कानाआड करा.

अन्यायाचं दुखणं कुठून येतं ते नीट बघितलं की थोडं हलकं वाटतं. काढलं हा निर्णय एक, आणि तो कसा घेतला व कसा सांगितला हे दुसरं. कारण दिलं का? बाजू मांडू दिली का? सगळ्यांना एकच मापदंड लावला का? निदान माणसासारखं बोलले का? नोकरी गेलेल्या लोकांशी बोलून केलेला एक अमेरिकन अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कंपनीवर दावा ठोकावा असं वाटतं की नाही, याचा सगळ्यात जवळचा संबंध निरोप देताना कसं वागवलं याच्याशी निघाला. म्हणजे तुम्ही 'उगाच मनाला लावून घेताय' असं काही नाही.

आता एक करा. कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे 'काय गेलं' ते लिहा: पगार, विमा, रोज भेटणारी माणसं, हुद्दा, सकाळी उठायचं कारण. उजवीकडे 'काय चुकीचं झालं' ते लिहा: दोन महिन्यांपूर्वी मूल्यांकनात उत्तम शेरा आणि आता 'कामगिरी असमाधानकारक', माझ्याच बाबतीत वेगळा नियम, वगैरे. डावी बाजू ही कामांची यादी आहे, तिच्यातलं एकेक भरून काढता येतं. उजव्या बाजूचं पुढच्या पायऱ्यांत बघू.

आणि हो, नकार-राग-घासाघीस-नैराश्य-स्वीकार ही पाच टप्प्यांची शिडी कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. ती १९६९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून मांडली होती. नोकरी गेलेला माणूस सकाळी शांत, दुपारी संतापलेला आणि रात्री रडवेला असू शकतो. आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे मोजत बसू नका.

४. दोन वह्या

मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली वही घटनांची. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, कुठला ईमेल. विशेषणं अजिबात नाहीत. "साहेबांनी मुद्दाम डावललं" असं न लिहिता "अमुक तारखेच्या बैठकीचं निमंत्रण मला आलं नाही, बाकी टीमला आलं" असं लिहा. स्मरण ताजं आहे तोवर लिहा. काही आठवड्यांत तारखा एकमेकींत मिसळतात. वकिलाकडे गेलात तर हीच वही कामाची. नाही गेलात तरी एक फायदा होतो: सगळं कागदावर आहे म्हटल्यावर मन ते विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा उगाळायचं थोडं थांबतं.

दुसरी वही मनाची. ती कुणाला दाखवायची नाही, स्वतःही परत वाचली पाहिजे असं नाही. इथे विशेषणं, शिव्या, रडगाणं, सगळं चालतं.

ही दुसरी वही पोकळ सल्ला वाटू शकतो, म्हणून त्यामागचा अभ्यास सांगतो. स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर या संशोधकांनी १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. नोकरी गेलेले ६३ अनुभवी तंत्रज्ञ होते, बहुतेक चांगलेच चिडलेले. एका गटाला नोकरी जाण्याबद्दलच्या मनातल्या खोल भावना लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाला दिवसाचं नियोजन आणि नोकरी शोधायचे बेत लिहायला सांगितले. तिसऱ्यानं काहीच लिहिलं नाही. भावना लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत नोकऱ्या लवकर लागल्या. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले होते किंवा जास्त फोन फिरवले होते असं नव्हतं. मला तरी त्याचा अर्थ सरळ दिसतो: मुलाखतीच्या खोलीत ते जुना राग घेऊन बसले नव्हते.

पद्धत अशी: वीस मिनिटांचा गजर लावा, सलग चार-पाच दिवस लिहा. शुद्धलेखन, वाक्यरचना सोडा. फक्त तीच तक्रार शब्दशः रोज उतरत असेल तर प्रश्न बदला: "यात मला सगळ्यात जास्त काय लागलं?" किंवा "हे आधीच्या कुठल्या घटनेसारखं वाटतंय?" लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका. आणि लिहिल्यानं दिवसेंदिवस जास्तच बिघडायला लागलं, तर थांबा.

५. राग बाहेर काढू नका, उतरवा

"मनातलं सगळं ओकून टाक, मोकळं वाटेल" असं म्हणतात. लिहिण्याबाबत ते खरं आहे. आदळआपट आणि आरडाओरडा यांच्याबाबत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, ज्यानं डिवचलं त्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. काहीही न करता नुसते बसलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत होते. रागात छाती धडधडत असते, हातपाय तापलेले असतात. ते खाली आणणारं काहीही चालतं. सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान, योगासनं. चालायला, पळायला जरूर जा, झोपेसाठी आणि तब्येतीसाठी ते उत्तमच. पण मनातल्या मनात साहेबांशी वाद घालत चाललात, तर घरी परतताना पारा चढलेलाच असतो.

याच पायरीतला दुसरा सापळा म्हणजे जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप. तिथे रोज रात्री कंपनीची लक्तरं निघतात, बरं वाटतं, आणि झोप उडते. आठवड्यातून एकदा एखाद्याशी भरपूर बोला, बाकी वेळ ग्रुप म्यूट. आणि समाजमाध्यमांवर कंपनीचं नाव घेऊन लिहू नका. करारात गोपनीयतेचं कलम असू शकतं, बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि पुढच्या कंपनीचे लोक ते वाचतात. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी.

६. "काहीतरी कारण असेलच ना" म्हणणारी माणसं

हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. नातेवाईक म्हणतील, मित्र म्हणतील, कधी आईवडीलही म्हणतील.

मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एक प्रयोग केला. एका स्त्रीला विजेचे झटके बसताहेत असं प्रेक्षकांना भासवलं होतं. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. ज्यांना तिच्यासाठी काहीच करता येत नव्हतं, ते हळूहळू तिलाच कमी लेखायला लागले. जगात ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या योग्यतेचं मिळतं, हा विश्वास माणसाला सोडवत नाही, कारण तो सोडला तर उद्या आपलाही नंबर लागू शकतो. समोरचा तुमच्या कामाचा निवाडा करत नसतो, स्वतःची भीती शमवत असतो. हे कळलं तरी लागायचं ते लागतंच. पण उलट वाद घालायची गरज राहत नाही. एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा: "बरंच काही झालं, आत्ता त्यात शिरत नाही. तुमचं कसं चाललंय?"

कामावर राहिलेले सहकारी फोन करत नाहीत, हेही फार बोचतं. बरेचसे घाबरलेले असतात, काहींना काय बोलावं ते सुचत नाही. ज्याच्याशी खरंच जवळीक होती त्याला तुम्हीच एकदा फोन करा. त्यानं टाळलं तर सोडून द्या.

हाच विश्वास तुमच्याही मनात असतो, आणि तो तुमच्याच विरुद्ध चालतो: "माझ्यातच खोट असणार." इथे प्रामाणिकपणाला जागा ठेवा. एखादी गोष्ट तुम्हाला अधिक चांगली करता आली असती, हे मान्य करूनही तुमच्याशी झालेलं वागणं चुकीचं असू शकतं.

७. दिवसाला खुंट्या ठोका

ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल नावाच्या छोट्या गावात एकच मोठी कापडगिरणी होती. ती बंद पडल्यावर मारी याहोडा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेरोजगारांचं आयुष्य जवळून पाहिलं; अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं हळू चालायचे, मधेच थांबायचे. दिवसभरात काय केलं विचारलं तर उठणं, जेवणं, झोपणं यापलीकडे त्यांना धड सांगता येत नसे. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं.

त्यावरून घ्यायचं ते इतकंच. उठायची वेळ रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. आंघोळ करून बाहेरचे कपडे. नोकरी शोधण्याचं काम सकाळी दोन-तीन तास, मग बंद; दिवसभर जॉब पोर्टल ताजं करत बसल्यानं अर्ज वाढत नाहीत, हुरहुर वाढते. दिवसातून एकदा घराबाहेरच्या कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलणं. आणि जिथे तुमची वाट पाहिली जाते असं आठवड्यातून एखादं ठिकाण, शिकवणी असो, संस्था असो वा खेळाचं मैदान. जुन्या कंपनीच्या मीटिंगची रिमाइंडरं फोनवर वाजत असतील तर आजच काढून टाका. माझा फोन बरेच दिवस सकाळी साडेनऊला 'टीम अपडेट' म्हणून वाजायचा, आणि दर वेळी पोटात गोळा यायचा.

८. लढायचं की सोडायचं

आधी मुदत बघा. बऱ्याच ठिकाणी दाद मागायची मुदत छोटी असते, काही देशांत तर जेमतेम काही आठवडे. मन शांत झाल्यावर बघू म्हणाल तर दार बंद झालेलं असेल. म्हणून एकदा वकिलाशी, कामगार संघटनेशी किंवा कामगार कार्यालयात बोलून घ्या. बोललात म्हणजे खटला भरलात असं होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार म्हणतो की कामावरून काढायला वाजवी कारण हवं, वागणुकीवर किंवा कामगिरीवर बोट ठेवलं असेल तर बाजू मांडायची संधी द्यावी, आणि निर्णयाविरुद्ध तटस्थ ठिकाणी दाद मागता यावी. बऱ्याच देशांनी तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे तुमच्याकडचा कायदा विचारावाच लागेल.

मग स्वतःला विचारा: मला नेमकं काय हवंय? थकलेले पैसे, दुरुस्त केलेलं पत्र, भरपाई हवी असेल तर ती मिळवता येते. "त्यांनी चूक कबूल करावी" हे हवं असेल तर जपून. कंपन्या तडजोड करतात तेव्हाही बहुतेकदा चूक कबूल न करताच करतात. कबुलीची वाट पाहत बसलात, तर तुमचं बरं होणं त्यांच्या हातात जातं.

लढायचं ठरलं तर त्याला आठवड्यातला ठरावीक वेळ द्या, म्हणजे बुधवारची दुपार वगैरे. फाइल तेव्हाच उघडायची, वकिलाला तेव्हाच लिहायचं. सोडायचं ठरलं तर ते भ्याडपणाचं लक्षण समजू नका. पैसा, वेळ, झोप यांचा हिशेब करून माघार घेणं हाही निर्णयच असतो.

९. डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, दारू वाढली असेल, तर जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा, आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि एकटे राहू नका.

एक लक्षण सहसा लक्षात येत नाही. मायकेल लिंडन या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये ते मांडलं: अन्यायाच्या एकाच घटनेनंतर महिनोन्‌महिने टिकणारा कडवटपणा. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, त्या भागातून जायलाही नको वाटतं, आणि चेहरा खुलतो तो फक्त सूड घेण्याच्या कल्पनेनं. स्वतःत हे दिसलं तर समुपदेशकाला तसंच सांगा. नुसतं "झोप येत नाही" म्हणू नका.

१०. मुलाखतीतला तो प्रश्न

"आधीची नोकरी का सोडली?" हे विचारणारच. उत्तर तीन वाक्यांचं, खरं आणि कोरडं असू द्या. उदाहरणार्थ: "कंपनीनं माझी जागा बंद केली. त्याआधीची चार वर्षं मी अमुक काम सांभाळलं, त्यातलं तमुक मला पुढे न्यायचं आहे. या जागेत ते दिसलं म्हणून अर्ज केला." कामगिरीचं कारण दिलं असेल तर: "अपेक्षांबाबत आमचं जमलं नाही, माझं मत वेगळं होतं. आधीच्या मूल्यांकनाचे कागद माझ्याकडे आहेत, हवे तर दाखवतो."

हे उत्तर कुणासमोर तरी मोठ्यानं म्हणून बघा, अगदी आवाज सपाट होईपर्यंत. चौथं वाक्य तोंडातून निघू पाहत असेल, ते हमखास 'खरं तर' नं सुरू होतं, तर अजून तयारी झालेली नाही. आणि संदर्भासाठी जुन्या साहेबांचंच नाव द्यावं लागतं असं नाही. आधीचा वरिष्ठ, दुसऱ्या विभागाचा प्रमुख किंवा एखादा ग्राहक चालतो. मात्र त्यांना आधी फोन करून विचारा, आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगून ठेवा.